केबिनवरची हाक

आमच्या ह्यांचं नाव धोंडीराम. पूर्वी नाव घ्यायचं तर उखाणा लागायचा, आता या वयात मला कोण उखाणा मागणार आहे? तर धोंडीराम ढोमसे, रेल्वेत लिव्हरमन. माहेरी मी सांगायचे की नवरा रेल्वेत आहे, की लगेच बाया विचारायच्या, इंजिन चालवतात का? अगं बाई, इंजिन चालवणाऱ्याला गाडी कुठल्या रुळावर न्यायची ते ठरवता येतं का? ते आमचे हे ठरवायचे. असं मी ठसक्यात सांगायचे. खरं तर ठरवायचे स्टेशन मास्तर, हे फक्त दांडा ओढायचे, पण ते सांगायची काय गरज?

नाशिक रोडहून मनमाडकडं निघालं की मधे जी छोटी स्टेशनं लागतात, त्यातलं आमचं एक. स्टेशनच्या दोन्ही टोकांना उंच केबिन होत्या. जिना चढून वर गेलं की तिन्ही बाजूंनी खिडक्या, आणि मधे छातीएवढे लोखंडी दांडे रांगेनं उभे. एक दांडा ओढला की खालच्या तारा खेचल्या जायच्या आणि लांबवरचा सिग्नल पडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी. दुसरा ओढला की सांधा बदलायचा, गाडी या रुळावरून त्या रुळावर. ओढायचा म्हणजे काय गंमत नाही. एक पाय चौकटीला टेकवून, सगळं अंग मागं टाकून ओढायचा. लग्नानंतर मी पहिल्यांदा डबा घेऊन वर गेले तेव्हा एक दांडा हलवून बघितला. दांडा जागचा हलला नाही, मीच हलले. हे असे हसले की खाली प्लॅटफॉर्मवरची माणसं वर बघायला लागली.

आणि दांडा नुसत्या हातानं धरायचा नाही. घाम लागला की लोखंडाला गंज चढतो, म्हणून हातात फडकं हवं. प्रत्येकाचं आपलं आपलं फडकं, दुसऱ्याच्या फडक्याला कोणी हात लावायचं नाही. आमच्या ह्यांना ते मऊसूत जुन्या लुगड्याचंच लागायचं. माझं एखादं लुगडं जरा विरलं की ह्यांचा डोळा त्याच्यावर. एकदा तर भावानं दिलेलं चांगलं धडधाकट पातळ फाडून नेलं. मी आठवडाभर बोलले नाही. म्हणाले, "अगं, तुझं पातळ हातात असलं की सिग्नल हलका पडतो." एवढं गोड बोलून काम करून घेणारा माणूस, मी तरी किती दिवस रुसणार?

दांड्याचं मी सांगितलं, पण ह्यांची खरी ओळख म्हणजे आवाज. केबिनच्या खालून सगळ्या गावाची ये-जा. दूधवाले, पाण्याला जाणाऱ्या बाया, गुरं, शेळ्या. ह्यांना ज्यांनी काम शिकवलं ते सहादूबाबा म्हणून जुने लिव्हरमन होते. त्यांनी ह्यांना दोन गोष्टी घोटून घोटून शिकवल्या. एक म्हणजे, सिग्नल पाडायच्या आधी खिडकीतून वाकून खाली हाक मारायची. आणि दुसरी, दांडा अडला तर त्याला शिव्या घालायच्या नाहीत आणि जोरही करायचा नाही, का अडला ते आधी बघायचं. हाकेचं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. पण हे कधी चुकले नाहीत. "एऽऽ बाजूला व्हा, गाडी येतेय!" अशी हाक आली की वाडीतलं तान्हं पोरसुद्धा दचकून रडायचं.

घरात तोच आवाज. मीठ मागितलं तरी वाटायचं पंजाब मेल सुटतेय. मी डोक्याला हात लावायचे. पण सासूबाईंना त्याच आवाजाचा आधार होता. आमच्या सासूबाई, कुसाबाई, हळूहळू ठार बहिऱ्या होत चालल्या होत्या. माझं बोलणं त्यांना ऐकूच यायचं नाही, आणि मी पुटपुटलेलं मात्र बरोब्बर ऐकू यायचं, ते वेगळं. पण लेकाचा आवाज त्यांना कुठूनही ऐकू यायचा. सासरे रेल्वेच्या गँगमध्ये होते. रुळांची कामं करता करता त्यांनी केबिनपाशी एक कडुलिंब लावला होता. ते गेले, लिंब राहिला. सासूबाई दुपारच्या त्या लिंबाखाली शेळी घेऊन बसायच्या. वरून लेकानं हाक मारायची, "आयेऽऽ, शेळी आवर, गाडी येतेय!" आणि खालून सासूबाईंनी हात वर करायचा. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

अशात बातमी आली की आता केबिन बंद होणार.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. मास्तरांच्या खोलीशेजारी नवी खोली बांधली. आत एक मोठं टेबल, त्याला म्हणायचं पॅनेल. त्यावर आख्ख्या स्टेशनाचा नकाशा, नकाशावर दिवे आणि बटणं. बटण दाबलं की सांधा आपोआप बदलणार, सिग्नलला दिवा लागणार. ना तार, ना दांडा. दोन केबिनमध्ये मिळून जेवढी माणसं राबायची, त्यांचं काम आता खुर्चीत बसलेला एक माणूस करणार. केबिनवाल्यांतून एकाला शिकवून पॅनेलवर घेणार आणि बाकीच्यांची बदली, कुठल्या तरी लांबच्या फाटकावर.

आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. कारण सासूबाईंनी सांगून टाकलं, "मी हितून हलायची नाय. माझं मढंच जाईल." आणि त्या म्हणाल्या की झालं, ब्रह्मदेव आला तरी त्या हलल्या नसत्या. म्हणजे ह्यांना पॅनेल मिळालं तर सगळं घर एकत्र. नाही मिळालं तर हे एकीकडं, म्हातारी एकीकडं, आणि मी दोन्हीकडच्या भाकऱ्या थापत मधे लटकलेली.

ह्यांना भुसावळला शिकायला पाठवलं. पहिल्याच दिवशी दिवे लावले. शिकवणाऱ्या साहेबांनी सांगितलं, हे बटण दाबा. ह्यांनी सवयीनं एक पाय टेबलाला टेकवला, खिशातून माझ्या लुगड्याचं फडकं काढलं, आणि सगळी ताकद लावून असं दाबलं की बटण आतच गेलं. बाहेर येईना! साहेब म्हणाले, "ढोमसे, गाडीला सिग्नल द्यायचाय, गाडी ढकलायची नाही." सगळा वर्ग हसला. हे घरी आल्यावर आम्हाला सांगताना स्वतःच पोट धरून हसत होते. पण शिकले मात्र मन लावून. मला दोन लाटणी समोर ठेवून समजावलं. ही दोन लाटणी म्हणजे दोन रूळ. रुळांतून थोडी वीज सोडलेली असते. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रुळांवर टेकतात, त्यांना जोडणाऱ्या लोखंडी आसातून वीज या रुळातून त्या रुळात जाते, आणि तिकडं पॅनेलवर लाल दिवा लागतो. दिवा लाल असेपर्यंत त्या लाइनीवर दुसरी गाडी घ्यायला पॅनेल सिग्नलच देत नाही. हे सांगताना दोन लाटण्यांवर त्यांनी माझं उलथनं आडवं ठेवलं. "लागला बघ लाल दिवा." मी म्हटलं, "दिवा लागला, पण माझी पोळी करपली."

पॅनेल सुरू झालं. ह्यांना बसवलं, पण कच्चं. काही महिने काम बघू, जमलं तर कायम, नाहीतर बदली.

आणि घरात एक चमत्कार झाला. हे हळू बोलायला लागले! पॅनेलच्या खोलीत फोनच फोन. गाड्या कुठं थांबवायच्या, कुठं पुढं काढायच्या ते भुसावळहून कंट्रोलवाले फोनवर सांगायचे. खोलीत मोठ्यानं बोललेलं चालायचं नाही. आमचे आहेर मास्तर नामपूरकडचे, स्वभावानं लोणी, पण तेही म्हणाले, "धोंडीराम, जरा हळू भो, भुसावळवाल्यांचे कान फाटतील." हाक मारायला खिडकीही उंच नव्हती आणि गरजही नव्हती. दिवसभर हळू बोलून बोलून ह्यांचा आवाजच बसून गेला. घरी येऊन कुजबुजल्यासारखं म्हणायचे, जरा पाणी दे. पहिले चार दिवस मी देवाला साखर ठेवली.

मग कळलं, माणूस खुशीत नाही. एकदा हाताचे तळवे बघत म्हणाले, "हाताला काही लागतच नाही गं. दांडा ओढला की कळायचं, तिकडं काहीतरी हललं. आता दिवा सांगतो आणि मी ऐकायचं." मी म्हटलं, "बरंय की, मीही इतकी वर्षं सांगतेय, माझं कधी ऐकलंत?" हसले, पण उगाच.

आणि सासूबाई! त्यांना लेकाचं बोलणंच ऐकू येईना. हे शेजारी बसून बोलायचे, त्या नुसत्या तोंडाकडं बघायच्या. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मालन, धोंडू माझ्यावर रागावलाय का गं? बोलत नाय माझ्याशी." मी त्यांच्या कानाशी ओरडून ओरडून सांगितलं, अहो नाही, कामामुळं आवाज कमी झालाय. त्या म्हणाल्या, "काय?" आता काय सांगायचं कपाळ! ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, मोठ्यानं बोलतो. पण तो जुना आवाज काही आला नाही. तो केबिनमध्येच राहिला असावा, असं मला वाटायचं आणि वाईट वाटायचं.

सासूबाईंचं दुपारी लिंबाखाली बसणं मात्र सुटलं नाही. केबिनला कुलूप लागलं होतं, तरी त्या तिथंच. मधल्या लाइनीवरून गाड्या धडधडत जायच्या. लिंबाला लागून होती ती कडेची लाइन, तिच्यावर कधीतरीच एखादी मालगाडी घ्यायचे. त्यांच्या शेळीनं एक दोरी खाल्ली, मग दुसरी खाल्ली. माझा भाऊ सातपूरला कारखान्यात, त्यानं येताना एक लांब लोखंडी साखळी आणून दिली. म्हणाला, "आता खा म्हणावं." सगळे हसलो आम्ही.

उन्हाळ्याचे दिवस होते. मी क्वार्टरच्या मागं खाटेवर कुरडया घालत होते. त्या दुपारी स्टेशनात काय चाललं होतं ते मला नंतर मास्तरांनी आणि ह्यांनी सांगितलं.

बाहेरच्या सिग्नलला मालगाडी उभी होती. मागून मेल येत होती, म्हणून भुसावळनं सांगितलं, मालगाडी कडेच्या लाइनीवर घ्या. ह्यांनी बटणं दाबली. काही होईना. बघतात तर कडेच्या लाइनीवर लाल दिवा. लाइन तर रिकामी! ह्यांनी उठून खिडकीतून पाहिलं, मालधक्क्यापर्यंत रूळ लख्ख रिकामे. त्यापुढचं दिसत नव्हतं. आता असं आधीही झालं होतं. कधी उंदरानं वायर कुरतडली, कधी रुळाखाली पाणी मुरलं, की दिवा उगाचच लाल व्हायचा. नवं पॅनेल, त्याचे नवे नखरे. मास्तर म्हणाले, "परत बिघडलं. आते काय करवानं? ड्रायव्हरला लेखी देऊ आणि गाडी आत घेऊ." तसं करता येत होतं, तेवढी मुभा नियमात होती.

तिकडं फोनवर भुसावळचे कंट्रोलवाले साहेब तापले होते. मेल मागं येऊन खोळंबणार होती. म्हणाले, "पॅनेलवर कोण आहे? तो लिव्हरवाला ना? त्याला जमत नसेल तर उठवा त्याला, दुसरा माणूस देतो." हे ह्यांनी ऐकलं. नोकरीचा निकाल त्या फोनवर लागत होता. लाइन रिकामी दिसते म्हणून हो म्हणायचं, गाडी घ्यायची, साहेब खूश. एवढं सोपं होतं.

हे म्हणाले, "मास्तर, बटण अडलंय."

"अडलं नाही रे, बिघडलंय."

"मास्तर, मी दांडेवाला माणूस. अडलं की आधी बघायचं, एवढंच मला येतं. जाऊन बघून येऊ का? मग उठवायचं तर उठवा."

आहेर मास्तरांनी क्षणभर ह्यांच्याकडं पाहिलं. इकडं फोन ओरडतोय, समोर हा माणूस घाम पुसत उभा. मास्तरांनी फोनवर सांगितलं, "साहेब, लाइन बघून घेतो, मग गाडी," आणि स्वतः खुर्चीत बसले. "जा, पळ," म्हणाले. ही त्यांची माणुसकी मी जन्मात विसरणार नाही.

मी कुरडयांच्या चिकात हात घालून होते आणि कानावर हाक आली.

"आयेऽऽऽऽ!"

तोच आवाज. जुना, केबिनवरचा. इतक्या महिन्यांनी.  हात तसेच बरबटलेले घेऊन मी पळाले.

मालधक्क्याच्या कोपऱ्यावर हे उभे. समोर लिंबाखाली सासूबाई, रुळाला पाठ लावून आरामात बसलेल्या. साखळी मनगटाला गुंडाळलेली. आणि शेळी कुठं, तर रूळ ओलांडून पलीकडच्या हिरव्या गवतात. मधे साखळी दोन्ही रुळांवर ताणून बसलेली, माझ्या उलथन्यासारखी. तोच तो लाल दिवा. पॅनेलमध्ये काही बिघडलेलं नव्हतं.

हे त्यांच्यापाशी गेले आणि मनगटाची साखळी सोडायला लागले. घाईघाईत साखळीचा पीळ आणखीच आवळला. मीच सोडवली. शेळीला ओढलं. गाडी लांब सिग्नलला उभी होती, तिचं तोंडही दिसत नव्हतं. पण ती आत आली असती तर काय झालं असतं, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा असा फुललेला की विचारू नका. लेकाचा हात धरून म्हणाल्या, "मारलीस का रं हाक? मला वाटलं, रुसलास. मी वाटच बघत व्हते."

ह्यांनी कसंबसं म्हटलं, "आये, रुळाला पाठ लावून का बसलीस गं? गाडी आली असती म्हंजे?"

"कशी येईल? तुझी हाक कुठं आली व्हती? तुझ्या हाकेबिगर गाडी येत नाय, मला ठावं हाय."

हे मटकन खाली बसले आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. मीही रडले. शेळी तेवढी चरत होती मेली.

मालगाडी आली, मेल पुढं गेली. मास्तरांनी भुसावळला फोनवर सगळं खरं खरं सांगितलं.  मग साहेब म्हणाले, "त्या लिव्हरवाल्याला बसू द्या तिथंच." पुढं महिनाभरात ह्यांचं पॅनेल कायम झालं. साखळीच्या त्या दिवशी संध्याकाळी हे माझ्या लुगड्याचं फडकं घेऊन पॅनेल पुसत बसले होते, एकेक बटण, एकेक दिवा. मास्तर म्हणाले, "काय करतोस?" तर म्हणाले, "गंज चढू नये म्हणून." प्लास्टिकला कुठला गंज! पण त्या दिवसापासून ह्यांची आणि पॅनेलची गट्टी जमली. हाताला काही लागत नाही, असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

सासूबाईंना रुळापासून लांब बसवायला लागलो, कुंपण घातलं, साखळी काढून टाकली. पण हाक सुरू राहिली. मास्तरांनीच खोलीची खिडकी उघडून दिली. कडेच्या लाइनीवर गाडी घ्यायची असली की हे उठून खिडकीशी जायचे, "आयेऽऽ!" म्हणून हाक मारायचे, आणि मग येऊन बटण दाबायचे. पलीकडं लिंबाखाली, खोलीतून दिसत नसला तरी, सासूबाईंचा हात वर. पहिल्यांदा भुसावळवाले साहेब फोनवर दचकले. "कोण ओरडतंय तिकडं?" मास्तर म्हणाले, "काही नाही साहेब, आमच्याकडं सिग्नल देताहेत." नंतर त्यांनाही सवय झाली. फोन कानाशी धरून हाकेची वाट बघायचे म्हणे.

सासूबाई पुढं चांगल्या जगल्या. शेवटी झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. दहावं-तेरावं उरकून हे कामावर गेले. दुपारी कडेच्या लाइनीवर मालगाडी घ्यायची होती. ह्यांनी बटणं दाबली, सिग्नल दिला आणि फोनवर सांगितलं, गाडी आत येतेय.

पलीकडून साहेबांनी विचारलं, "आज हाक नाही आली, धोंडीराम? म्हातारी बरी आहे ना?"

ह्यांनी फोन पुढं केला. आहेर मास्तरांनी फोन घेऊन सांगितलं. साहेबांनी कधी सासूबाईंना पाहिलेलं नव्हतं, आम्हालाही नाही.  पण फोनवर म्हणाले, "त्याला म्हणावं, मार की एकदा. आम्हालाही सवय झालीय."

मी घरात भाकरी थापत होते. हाक आली. तव्यावरची भाकरी तशीच सोडून मी दारात आले आणि लिंबाकडं बघून हात वर केला.